दिवसा सांगितलेली गोष्ट

१

मेंदी वाळेपर्यंत हात हलवायचे नाहीत, हा नियम रानूला सोडून बाकी सगळ्या गावाला मान्य होता. मोठ्या बहिणीचं लग्न, वय नऊ वर्षांचं, दोन्ही तळहात भरलेले आणि बाहेर मांडवात ढोल वाजतोय. पोरगी बसणार कशी? दर दोन मिनिटांनी ती उठून दाराकडे धावायची आणि तिची आई बादाम तिला झग्याला धरून मागे ओढायची. शेवटी बादामने तिला आतल्या खोलीत आणून गादीवर बसवलं, हातांखाली उशी दिली आणि स्वतः आरतीचं ताट मांडायला घेतलं.

ताट भावासाठी होतं. भाचीच्या लग्नात मामाने मामेरं घेऊन यायचं, दारात पाटावर उभं राहायचं, बहिणीने त्याला ओवाळायचं आणि त्याने तिच्या अंगावर चुनरी घालायची. ते झाल्याशिवाय माळव्यात लग्नाचं पान हलत नाही. मामेऱ्याची जीप सकाळीच आली होती. कपडे, भांडी, भावजय, तिची दोन पोरं, सगळं आलं होतं. फक्त भेरूलाल मागे राहिला होता, जावदच्या रंगाऱ्याकडून चुनरी घ्यायला. मोटरसायकलवर तासाभरात पोचतो म्हणाला होता, त्याला आता अडीच तास झाले होते. बादामचे आईबाप दोघेही गेलेले, माहेर म्हणायला हा एकच धाकटा भाऊ. आणि मांडवात बादामच्या नवऱ्याच्या आत्या "मामा येणार आहे, की नुसतं सामानच पाठवलंय?" असं एकमेकींना मुद्दाम मोठ्याने विचारत होत्या.

"गोष्ट सांग," रानू म्हणाली. "नाहीतर मी पळाले."

"दिवसा गोष्ट सांगत नाहीत."

"का?"

"मामा वाट चुकतो."

रानूने जरा विचार केला. "भेरूमामा? तो तर डोळे मिटून गाडी चालवतो. मामीच म्हणते."

बादामला हसू आलं. लहानपणी ही धमकी तिनेही शंभरदा ऐकली होती. दिवसा कामं पडलेल्या बायकांनी पोरांना गप्प करायला काढलेली ती युक्ती, असं तिचं आता मत होतं. आणि चुकायला वाट तरी कुठे होती? अफूचं पीक फाल्गुनातच निघालं होतं, वैशाखात शेतं बोडकी. बावीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर कोसभर लांबचा माणूस दिसतो. वर खिशात फोन.

"बरं, सांगते. पण हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली."

"हूं," रानू लगेच म्हणाली.

२

"एक होती सोनी. एकदा काय झालं, तिच्या घरातला विस्तव विझला."

"हूं."

"तिची माँ म्हणाली, जा, रानापलीकडे म्हातारी राहते, तिच्याकडून निखारा घेऊन ये."

"हूं. माँ का नाही गेली?"

बादामचा हात ताटावरच थांबला. ही गोष्ट तिच्या आईने तिला किती वेळा सांगितली असेल, पण हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"माँ गेली असती तर गोष्ट झाली नसती."

"मग दोघींनी जायचं."

"दोघी गेल्या तर घरी वाट कोण बघणार?"

रानूला ते पटलं नाही, पण हुंकारा तिने दिला. बादामला मात्र तो प्रश्न चिकटून बसला. तिने मनातल्या मनात आईच्या सगळ्या गोष्टी चाळून पाहिल्या. प्रत्येकीत पोरीला घराबाहेर काढलेलं होतं. कुणाला सावत्र आईने, कुणाला दुष्काळाने, कुणाला विझलेल्या चुलीने. घरी जेवून गुपचूप झोपलेल्या मुलीची गोष्ट तिला एकही आठवेना. आपल्याला कुशीत घेऊन, केसांतून हात फिरवत, आई रोज हेच शिकवत होती की काय, की तुला इथून निघायचंय? गंमतच आहे, असं तिला वाटलं.

"चालता चालता एक विहीर लागली. विहिरीला दोर नव्हता. विहीर म्हणाली, पोरी, पाणी साचून साचून माझा जीव घुसमटलाय, दोन लोटे उपसून जा."

"हूं," रानू म्हणाली.

"हूं," कोठीतून कुणीतरी म्हणालं.

आतल्या खोलीला लागूनच कोठी होती, मध्ये दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता. बादामला वाटलं, शेजारची धापूकाकी लाडवांच्या डब्यांपाशी पोचली. वय झालं तरी काकीची जीभ काही थकली नव्हती. बादाम उठून गेली आणि तिने पडदा सारला. लसणाची पोती, लाडवांचे चार डबे, भिंतीवर टांगलेली चाळण. कोठीला दुसरं दार नव्हतं. गज लावलेली एक खिडकी होती, तिच्यातून ऊन सरळ पोत्यांवर पडलं होतं.

आवाज घुमला असेल. बादाम चौकस बाई. तिने तिथेच उभं राहून दोनदा मोठ्याने "हूं, हूं" करून पाहिलं. कोठीत काहीच घुमलं नाही.

"माँ, तू कुणाला हुंकारा देतेस?" रानूने बाहेरून विचारलं.

"लसणाला," बादाम म्हणाली आणि परत येऊन बसली.

३

पुढची चूल ती मुद्दाम हळू सांगत गेली. शेताच्या मधोमध पेटलेली चूल, जवळ कुणी नाही, चूल म्हणते माझी राख काढ. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. रानूचा हुंकारा लगेच यायचा, तोंडातल्या तोंडात. त्याच्यामागून एका श्वासाच्या अंतराने दुसरा यायचा. मोठ्या बाईचा आवाज होता. घसा जरा बसलेला, पण मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा.

भीती वाटायला हवी होती, हे बादामला कळत होतं. पण भर दुपार होती, बाहेर ढोल होता, आचारी कुणावर तरी ओरडत होता. भीतीपेक्षा तिला कुतूहलच जास्त वाटत होतं. कोण एवढं लक्ष देऊन ऐकतंय? तिच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, या घरात तिचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

"सोनीने राख काढली आणि ती तीन वाटांपाशी आली. पहिल्या वाटेने जाता येतं आणि परतही येता येतं. दुसरीने जाता येतं, पण परत येता येत नाही."

"हूं," फक्त कोठीतून आलं.

बादामने वळून पाहिलं. उशीवर दोन्ही तळहात पालथे न घालता, शहाण्यासारखे उताणे ठेवून रानू झोपली होती.

गोष्ट थांबवायला हवी होती, आणि तसंही पुढचं बादामला येत नव्हतं. तिची आई नेहमी इथेच थांबायची. "आणि तिसरी?" असं विचारलं की म्हणायची, मोठी झालीस की कळेल. मग बादाम सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली, तीन वर्षांत आई गेली, आणि तिसरी वाट विचारायची राहून गेली.

आरतीच्या ताटातला गूळ तिने उगाच इकडून तिकडे सरकवला.

"हूं?" कोठीतून आलं. पुढे काय, असं विचारल्यासारखं.

४

तेवढ्यात फोन वाजला. भेरूलाल होता.

"जीजी, हसू नकोस हं," तो म्हणाला. "नाहरगाव सोडल्यावर डाव्या हाताला विहीर आहे का गं?"

"विहीर कसली? तिथे पेट्रोल पंप आहे."

"पंप दिसतच नाहीये. विहीर आहे. मी तिसऱ्यांदा जातोय तिच्यावरून."

"ऊन लागलंय तुला. सावलीत थांब आणि पाणी पी आधी."

"कसं पिऊ? दोर नाही तिला." तो हसला, पण ते त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं. त्याला अडतिसावं लागलं होतं, पण तो आवाज बादामला लहानपणी जत्रेत हरवलेल्या भेरूचा वाटला. "आणि जीजी, इथे शेतात कुणी चूल पेटवून ठेवलीय. आसपास चिटपाखरू नाही. मी हाका मारल्या. तू ऐकतेयस ना?"

फोन कटला. तिने परत लावला, लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही.

धापूकाकी आत आली ती तक्रार घेऊनच. "अगं बाई, त्या आत्यांची तोंडं आता मला आवरत नाहीत. भाऊ कुठाय तुझा?" मग तिने झोपलेली रानू पाहिली, बादामचा उतरलेला चेहरा पाहिला. "काय गं?"

"काकी, मघाशी तुम्ही कोठीत होतात?"

"मी? मी सकाळपासून मांडवात वाळतेय."

बादामने सगळं सांगून टाकलं. गोष्ट, विहीर, चूल, फोन. हुंकाऱ्याचं मात्र तिने का कोण जाणे सांगितलं नाही. काकी हसेल अशी तिला आशा होती. काकी हसली नाही. ती खाली बसली आणि तिने बादामच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"दोन लेकरांची आई तू. दिवसाढवळ्या गोष्ट सांगायला घेतेस? आणि घेतलीस ती घेतलीस, मध्येच टाकलीस?"

"पोर झोपली हो."

"पोर झोपली, तो नाही झोपला. तो उभा आहे तिथे, तू त्याला जिथवर नेऊन सोडलंस तिथे. आता पुरी कर."

"मला शेवट माहीत नाही, काकी."

"मग जुळव. कुणीतरी पहिल्यांदा जुळवलीच असेल ना?" काकी गुडघ्यावर हात देऊन उठली. "मी बाहेर बायकांना गाणी धरायला लावते. अर्धा तास रेटेन. त्याच्या पुढे मला रेटायला सांगू नकोस."

५

काकी गेली. बादामने पडद्याकडे तोंड केलं आणि मांडी घातली. हे सगळं खुळेपणाचं आहे, असं ती स्वतःला सांगत होती. उन्हाने माणसाला काहीही दिसतं. रस्त्याचं काम चालू असेल, भेरू आतल्या वाटेने गेला असेल, तिथे कुणाची विहीर असेल, कुणी हुरडा भाजायला चूल मांडली असेल. वैशाखात हुरडा कुठला, हेही तिच्याच डोक्याने तिला लगेच सांगितलं.

"तर तीन वाटा होत्या," ती म्हणाली.

"हूं."

आता आवाज पडद्याच्या अगदी मागे होता.

तिसरी वाट कुठे जाते? बादामने डोकं खाजवलं. सोनीला ठाऊक असणं शक्य नव्हतं, ती लहान. आईला ठाऊक असेल, पण आई घरी वाट बघतेय. ती वाट त्यालाच ठाऊक असणार, जो तिच्यावरून चालत गेला आणि चालता चालता मोठा झाला. हे सुचलं आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून आपोआप आलं.

"त्या विहिरीवर एक बाई उभी होती. लहानपणी कधीतरी तीही अशीच घरातून निघाली होती. तिन्ही वाटा तिच्या पायाखालच्या होत्या."

हुंकारा आला नाही. बादामने पडद्याकडे पाहिलं आणि तिची नजर खाली गेली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्याखाली दोन पावलं होती. घोट्यापर्यंत धुळीने माखलेली, भेगाळलेली, फार चाललेली. बोटांत झिजलेली जोडवी. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब.

तसं बोट तिच्या आईचं होतं. तिचं स्वतःचं होतं, रानूचंही होतं. आईच आली, असं तिला वाटलं. गोष्ट अर्धी राहिली होती म्हणून ऐकायला आली. उठून पडदा बाजूला करावा असं इतकं वाटलं, इतकं वाटलं. पण विहिरीपाशी भेरू उभा होता.

"एक माणूस वाट चुकून त्या विहिरीवर आला," ती म्हणाली. "बाईने त्याला बघितलं आणि ओळखलं. तो घरचा माणूस होता."

"हूं," अगदी हळू आलं. त्यात रडू होतं.

"मग ती त्याला वाट दाखवायला गेली."

पडदा हलला. वारा नव्हता. खाली आता नुसती फरशी होती, आणि खिडकीतून आलेलं ऊन.

बादामने उठून कोठीत पाहिलं. पोती होती, डबे होते. पडद्याजवळच्या फरशीवर जरा धूळ होती, पण लग्नघर होतं, सकाळपासून शंभर माणसं आत-बाहेर करत होती.

६

भेरूलाल आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बायकांनी एकच कल्ला केला. आत्यांनी तोंडं मिटली. बादामने त्याला पाटावर उभं केलं, ओवाळलं, गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. त्याचे ओठ कोरडे पडले होते, पण डोळे हसरे होते. त्याने घडी मोडून चुनरी तिच्या डोक्यावरून घातली, आणि बायकांनी माहेरचं गाणं धरलं.

"कुठे होतास रे?" तिने कानाशी लागून विचारलं.

"काय सांगू जीजी. तू म्हणतेस तसं ऊनच लागलं असेल. पण एका बाईने वाट दाखवली म्हणून आलो. विहिरीवर उभी होती."

"कशी होती?"

"म्हातारी गं. साठीची असेल, नाहीतर जास्तच. केस सगळे पांढरे. आणि गंमत ऐक." तो हसायला लागला. "एवढी थोराड बाई, मला म्हणते, मामा, या तिसऱ्या वाटेने जा, मागे वळून बघू नका. मामा म्हणते मला!"

बादाम हसली नाही. तिची नजर रानूला शोधायला लागली.

"आणखी काय म्हणाली?"

"चुनरी बघायला मागितली. मी दाखवली. तिने अशी तोंडाला लावून धरली, सोडेचना. मला आपली काळजी, नवी चुनरी, डाग पडेल." तो थांबला, आणि त्याचं हसू जरा विरलं. "मग विचारलं, माझी माँ आहे का हो अजून?"

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? कोण कुठली बाई, तिची आई मला काय माहीत? आणि तुम्ही सगळे इकडे ताटकळलेले. मी काहीच बोललो नाही, गाडीला किक मारली." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "जीजी? का गं?"

चुनरीचं एक टोक ओलं होतं. रंग वाळायचा राहिला असेल, असं बादामने मनाशी म्हटलं. तिने ते टोक बोटांनी चाचपलं. बोटांना रंग लागला नाही.

परत जा, असं तिला भावाला सांगायचं होतं. परत जा आणि तिला सांगून ये. पण असं कुणाला कसं सांगणार, आणि कुठल्या वाटेने जा म्हणणार? ती तिथेच पाटाजवळ रडायला लागली. गाणाऱ्या बायकांना वाटलं, माहेरच्या आठवणीने रडतेय. त्यांचेही डोळे भरून आले आणि त्यांनी गाण्याचा आवाज आणखी चढवला.

रानू जागी होऊन मांडवात आली होती आणि हात धुऊन, रंग किती चढला ते सगळ्यांना दाखवत फिरत होती. बादाम माणसांतून वाट काढत तिच्यापर्यंत गेली, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने तिचे दोन्ही दंड धरले.

"रानू, मी आहे हं."

रानू तिच्याकडे बघत राहिली. "कुठे?"

"इथे. मी आहे. लक्षात ठेव. कधीही, कुठेही असलीस तरी. मी आहे."

"ते दिसतंय ना मला," रानू म्हणाली. "सोड आता. पंगत बसली, सगळे चालले."

बादामने आधी एक हात सोडला. दुसरा सोडायला तिला जरा वेळ लागला.